चार पोस्टकार्डांवर उभी गाडी

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कथा असतात, कविता असतात, सहलीची वर्णने असतात आणि एखादा वैचारिक लेखही असतो. मोटारीच्या टायरवर लेख सहसा नसतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने रबराविषयी लिहावे हे काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल, तर विज्ञान शाखेतील मित्रांना ही आपल्या हद्दीतील घुसखोरी वाटेल. परंतु टायर ही वस्तूच अशी आहे, की तिच्याविषयी मत नाही असा माणूस विरळा. रस्त्याच्या कडेला एखादी ठेंगणी, दोन दरवाजांची स्पोर्ट्‌स कार उभी असू द्या. भोवती जमलेल्या घोळक्यात कोणी इंजिनाबद्दल बोलतो, कोणी किमतीबद्दल. पण चाकाकडे बोट दाखवून ‘टायर बघ केवढा रुंद आहे!’ असे म्हणणारा एक तरी निघतोच. त्या उद्गारात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे, टायर जितका रुंद तितकी गाडी रस्त्याला घट्ट धरून राहणार. हे गृहीत कितपत खरे आहे आणि ते खरे ठरवायला किंमत काय मोजावी लागते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला निमित्त घडले ते घरचेच. माझा आतेभाऊ इंग्लंडमध्ये नोकरी करतो. त्याने तिथे जुन्या बाजारातून टोयोटाची जीटी ८६ ही गाडी घेतली. तिचे चारही टायर झिजत आले होते आणि नवे घ्यायचेच तर मूळच्यापेक्षा रुंद घ्यावेत असे त्याच्या मनाने घेतले. माझ्या मामांचे टायरचे दुकान आहे आणि सुट्टीत मी तिथे हिशेब लिहायला बसतो, म्हणून त्याने मला विचारले, “मामांना विचार रे, दोनशे पस्तीस बसवू की दोनशे पंचेचाळीस?” प्रश्न हौसेचा होता, पण त्यांच्या घरात गाडी एकच, आणि वहिनी रुग्णालयात परिचारिका असल्यामुळे आठवड्यातून तीन रात्री तीच गाडी घेऊन त्या पावसाच्या रस्त्याने कामावर जातात. त्यामुळे उत्तर गमतीने देऊन चालण्यासारखे नव्हते. मामांचा अनुभव, दुकानातील मापांची पुस्तके आणि मी स्वतः केलेले वाचन यांतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

टायरच्या अंगावरची लिपी

प्रथम टायरवर काय लिहिलेले असते ते पाहू. जीटी ८६ वर कारखान्यातून येणारा टायर आहे २१५/४५ आर १७. यातील २१५ म्हणजे फुगवलेल्या टायरची एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंतची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जमिनीला टेकणारा भाग याहून थोडा अरुंद असतो. ४५ हा आकडा मिलिमीटरचा नव्हे. तो शेकडेवारीचा आहे. टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे ९७ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल, आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन संसार सुखाने नांदतात, हे पाहून मला तरी मौज वाटली.

पुढे ८७ डब्ल्यू अशी खूण असते. ८७ हा भारांक; त्याचा अर्थ एका टायरने ५४५ किलो भार पेलावा. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. इतक्या वेगाने कोणी जात नाही हे उघड आहे, पण ते अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकद सांगते. याखेरीज चार आकडी तारीख असते. तिथे २३२४ असे असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नवा म्हणून विकला जाणारा टायर गोदामात किती काळ पडून होता ते या चार आकड्यांवरून कळते, म्हणून ग्राहकाने ते आधी वाचावेत असे मामा नेहमी सांगतात.

जमिनीला नेमके किती टेकते?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जीटी ८६ चे वजन साधारण साडेबाराशे किलो. चालक बसला की ते सव्वातेराशेच्या घरात जाते. चार चाकांवर ते सारखे वाटले असे धरले, तर एका चाकावर ३३० किलो. टायरमधील हवेचा दाब ३५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो. हवा हीच मुख्यतः गाडी उचलून धरते. त्यामुळे ३३० किलोला अडीचने भागले, की टायरचा जमिनीला टेकणारा भाग मिळतो. तो येतो सुमारे १३० चौरस सेंटिमीटर. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ १२६. याचाच अर्थ असा, की एवढी मोठी गाडी, तिच्यातील माणसे आणि त्यांचे प्राण हे सारे चार पोस्टकार्डांवर उभे असते.

या भागाकारात एक गोष्ट आलीच नाही, ती म्हणजे टायरची रुंदी! भार तोच आणि हवा तीच ठेवली, तर रुंद टायर बसवूनही पोस्टकार्डाचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते. टायरच्या ताठपणामुळे थोडाफार फरक पडतो, पण रुंदी दहा टक्क्यांनी वाढवली म्हणून जमीन दहा टक्के जास्त मिळत नाही. बदलतो तो पोस्टकार्डाचा आकार. अरुंद टायरखाली ते प्रवासाच्या दिशेने लांबट असते, रुंद टायरखाली ते आडवे होते. रुंदीला वाढते आणि लांबीला तितकेच घटते.

हे पटायला अवघड वाटत असेल, तर उसाच्या हंगामात शेतात उतरलेला ट्रॅक्टर पाहावा. त्याची मागची चाके मऊ जमिनीत रुतत नाहीत. टायर रुंद असतो हे खरे, पण त्यात हवा मोटारीच्या निम्म्याहून कमी भरलेली असते, हे त्याचे खरे कारण आहे. कमी हवा, म्हणून मोठे पाऊल. तोच ट्रॅक्टर टणक हवा भरून शेतात घातला, तर रुंद टायर असूनही खोल चाकोऱ्या पाडील.

मग रुंद टायर पकडतो कसा?

यावर कोणी म्हणेल, मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर एवढे रुंद का? शंका रास्त आहे. रुंद टायर वळणावर जास्त पकडतो, हा अनुभव खोटा नाही. फक्त त्याचे कारण आपण समजतो ते नाही.

शाळेत आपण शिकलो, की घर्षण हे स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लाकडाच्या ठोकळ्याला हा नियम लागू पडतो, रबराला पुरता लागू पडत नाही. रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते, चिकटते, ताणले जाते आणि सुटते. दर चौरस सेंटिमीटरला पडणारा भार वाढत गेला, की त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही. ती मागे रेंगाळते. जो टायर भार अधिक समतोलपणे पसरतो तो जास्त पकडतो, हे यावरून ओघाने येते.

दुसरे कारण पोस्टकार्डाच्या आकारात आहे. गाडी वळते तेव्हा टायरच्या पुढच्या टोकाशी जमिनीला टेकणारा रबराचा कण सरळ असतो. मागच्या टोकाकडे जाईपर्यंत तो बाजूला ओढला जात राहतो आणि शेवटी ताण न सोसून घसरतो. पाऊल लांबट असेल तर मागचा बराच भाग घसरत असतो. पाऊल आखूड आणि रुंद असेल तर रबराचा अधिक भाग न घसरता धरून राहतो. सुकाणू फिरवताच गाडी चटकन वळल्यासारखी वाटते ती यामुळे.

तिसरे कारण उष्णतेचे. रुंद टायरला रबर जास्त, त्यामुळे उष्णता वाटली जाते, आणि म्हणून कारखानदाराला त्यात अधिक मऊ, अधिक चिकट रबर वापरता येते. वास्तविक आपण ज्याला रुंदीचा गुण समजतो त्यातला मोठा वाटा या रबराच्या मिश्रणाचा असतो. रुंद टायर बहुधा खेळाच्या जातीचे असतात, अरुंद बहुधा काटकसरीच्या जातीचे. दोन गोष्टी एकदमच बदलतात आणि श्रेय मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या रुंदीला मिळते.

अंथरूण पाहून पाय

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण टायरला जितकी शब्दशः लागू पडते तितकी क्वचितच कशाला लागू पडत असेल. टायरचे अंथरूण म्हणजे रिम. जीटी ८६ ची मूळ रिम ७ इंच रुंद आहे. २१५/४५ च्या टायरला ७ ते ८ इंचांची रिम चालते. २२५/४५ ला ७ ते साडेआठ. पण २३५/४० आणि २४५/४० या दोन्ही मापांना किमान ८ इंचांची रिम लागते. म्हणजे दादाने विचारलेले दोन्ही टायर त्याच्या गाडीच्या रिमवर नियमाने बसतच नव्हते. ते बसवायचे तर चार नव्या रिम घेणे आले, आणि खर्चाचा आकडा पार बदलून गेला.

रुंद टायर अरुंद रिमवर जबरदस्तीने बसवला तर काय होते? त्याच्या बाजू आत ओढल्या जातात, पोट फुगते, आणि वळणावर टायरचा वरचा भाग रिमवर डुलू लागतो. ज्या चटकन वळण्यासाठी पैसे खर्च केले तेच हातचे जाते. अरुंद टायर योग्य रिमवर जितका नेमका वागतो तितका रुंद टायर अयोग्य रिमवर वागत नाही, हे मामांचे पहिले सूत्र आहे.

दुसरा हिशेब उंचीचा. मूळ टायरचा पूर्ण व्यास काढू: १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की सुमारे ६२५ मिलिमीटर. २२५/४५ चा व्यास येतो ६३४, म्हणजे जवळजवळ दीड टक्का जास्त. २३५/४० चा येतो ६२०, सुमारे एक टक्का कमी. २४५/४० चा ६२८, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. व्यास वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी थोडी जास्त पुढे जाते. त्यामुळे वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा आधीच्या मानाने कमी दाखवू लागतो, आणि प्रत्येक गिअर किंचित जड होतो. युरोपच्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये. कारखानदार काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, त्यात दीड टक्का सहज सामावतो. पण चार-पाच टक्क्यांची उडी मारली तर तो आधार उरत नाही.

तिसरा हिशेब जागेचा. रिम गाडीला जिथे नटांनी आवळली जाते, ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे त्या अंतराला ऑफसेट म्हणतात. जीटी ८६ मध्ये ते ४८ मिलिमीटर आहे. तोच ऑफसेट ठेवून ७ इंचांऐवजी ८ इंचांची रिम घेतली, तर ती आत आणि बाहेर प्रत्येकी अर्धा इंच, म्हणजे साधारण तेरा मिलिमीटर सरकते. आतल्या बाजूला शॉक-अबसॉर्बरचा दांडा आहे, बाहेर मडगार्डची कड. गाडी उभी असताना टायर कुठे लागत नाही यावर समाधान मानू नये. सुकाणू पुरते फिरवून, गाडीत माणसे बसवून, खड्ड्यातून नेऊन पाहावे. मामांच्या दुकानात एकदा एक तरुण नवेच रुंद टायर बसवलेली गाडी घेऊन आला होता. बाहेरून टायर चकाकत होते, पण आतल्या कडेला चाकूने कापावे तशी गोल रेघ उमटली होती आणि आतले धागे दिसू लागले होते. अशा टायरची बाहेरची नक्षी पाहून कोणाला संशयही येत नाही.

पाणी

कोरड्या रस्त्यावर रुंद टायरच्या बाजूने बोलता येते. ओल्या रस्त्यावर बोलणे अवघड होते. टायरच्या नक्षीतील खाचा शोभेसाठी नसतात. त्या पाणी बाहेर फेकणाऱ्या गटारी आहेत. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर सात सेंटिमीटर लांबीचे पाऊल एका ठिकाणावरून सेकंदाच्या चारशेव्या भागात पुढे सरकते. तेवढ्या अवधीत त्याखालचे पाणी बाजूला गेले पाहिजे. नाही गेले, तर टायर पाण्यावर चढतो आणि गाडी होडीसारखी तरंगू लागते. सुकाणू फिरवा, ब्रेक दाबा, उपयोग शून्य.

अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने विमानांच्या टायरवर प्रयोग करून १९६३ साली दाखवून दिले, की हा तरंगण्याचा वेग हवेच्या दाबावर अवलंबून असतो. हवा कमी तितका तो वेगही कमी. मोटारीच्या टायरच्या पुढील अभ्यासातून पावलाच्या आकाराचाही संबंध स्पष्ट झाला. रुंद आणि आखूड पावलाला एकाच वेळी जास्त पाणी हटवावे लागते, आणि बाजूला जाण्यासाठी त्या पाण्याला लांबची वाट चालावी लागते. होडीचे नाक अणकुचीदार का असते आणि तराफ्याचे का नसते, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. नक्षी जशी झिजते तसा धोका वाढत जातो. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पण गाडी पाण्यात सांभाळायची तर तिथवर वाट पाहू नये.

वहिनींचा रात्रीचा रस्ता मोठा आहे. तिथे ताशी ७० मैलांपर्यंत, म्हणजे ११२ किलोमीटरपर्यंत वेगाला परवानगी आहे आणि ट्रकच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्यांत पाणी साचते. रुंद टायर कोरड्यातही अशा चाकोऱ्यांच्या मागे धावतो; सुकाणू हातात आपोआप इकडेतिकडे ओढले जाते. दिवसभराच्या थकव्यानंतर तो ओढा सावरत गाडी चालवणे हा काही खेळ नव्हे.

कारखान्याने अरुंद टायर का दिला?

आता या गाडीपुरती एक विशेष गोष्ट. २०१२ साली बाजारात आलेल्या या गाडीत दोन लिटरचे, २०० अश्वशक्तीचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद आणि मिशेलिनचा प्रायमसी एचपी हा टायर होता. हाच टायर टोयोटाच्या प्रियस या इंधन वाचवणाऱ्या कुटुंबवत्सल गाडीवरही बसत असे. समीक्षक चक्रावले, स्पोर्ट्‌स कारला प्रियसचे टायर! पण ती कंजुषी नव्हती. गाडीचे प्रमुख अभियंते तेत्सुया तादा यांची भूमिका अशी होती, की टर्बो नको, चारही चाकांना ताकद नको आणि फार पकडीचे टायरही नकोत. पकड बेताची ठेवली, की गाडी कोठे सुटते ते साध्या वेगातच चालकाला कळते. ती हळूहळू, सांगूनसवरून सुटते. पकड फार वाढवली, की सुटण्याचा क्षण फार मोठ्या वेगाला येतो, आणि तो अचानक येतो.

याउलट उदाहरण पोर्शे ९११ चे. १९६४ साली तिची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिला १३० अश्वशक्ती होती आणि टायर होते अवघ्या १६५ मिलिमीटरचे, साडेचार इंचांच्या रिमवर. १९७३ च्या कॅरेरा आरएसला २१० अश्वशक्ती मिळाली, तेव्हा पुढे १८५ आणि मागे २१५ असे निरनिराळे टायर आले, आणि त्यांना सामावण्यासाठी मागची मडगार्डे फुगवण्यात आली. २०१९ साली आलेल्या ९९२ या पिढीतील कॅरेराला ३८५ अश्वशक्ती, पुढे २३५ आणि मागे २९५ चे टायर, मागची रिम साडेअकरा इंचांची. या पन्नासहून अधिक वर्षांत टायर एकटा रुंद झाला नाही. ताकद वाढली, वजन वाढले, रिम वाढली, शरीर वाढले, आणि त्या सर्वांबरोबर टायर वाढला. मागे इंजिन असल्यामुळे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद ठेवणे तिथे न्यायाचेही आहे. जीटी ८६ मध्ये चारही सारखेच आहेत. त्यात फक्त मागचे रुंद केले, तर वळणावर पुढची चाके आधी घसरतील आणि गाडी वळायला नाखूष होईल.

निवडीचा क्रम

अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवतात, की फुकट काहीच नसते. एक घ्यायचे तर दुसरे सोडावे लागते. टायरच्या बाबतीत हे तत्त्व उघड्या डोळ्यांनी दिसते. रुंदी घेतली की वळणावरची पकड आणि चपळाई मिळते. त्याबदली पाण्यातील भरवसा, थोडे इंधन, थोडा आराम, चाकाचा हलकेपणा आणि पैसे द्यावे लागतात. हा सौदा करावा की करू नये हे गाडी कोठे आणि कशासाठी चालवायची यावर ठरते. तेव्हा प्रश्न विचारण्याचा क्रम असा असावा, असे मला वाटते.

पहिला प्रश्न, आजच्या टायरमध्ये नेमके काय कमी पडते? पकड कमी वाटत असेल, तर आधी त्याच मापात चांगल्या रबराचा टायर मिळतो का ते पाहावे. अमेरिकेत टायरवर झीज, ओल्या रस्त्यावरील पकड आणि उष्णता यांची प्रतवारी छापावी लागते. झिजेचा आकडा जितका मोठा तितका टायर टिकाऊ, आणि बहुधा तितकाच कडक. ओल्या पकडीसाठी दुहेरी ए ही सर्वांत वरची प्रत. युरोपात ओल्या पकडीची प्रत वेगळ्या चिठ्ठीवर असते. रुंदीच्या आधी ही प्रत वाचावी.

दुसरा प्रश्न रिमचा. आहे त्या रिमला किती रुंदीपर्यंत परवानगी आहे? तिसरा व्यासाचा. फरक एक-दीड टक्क्याच्या आत ठेवावा. चौथा भारांकाचा. नवा टायर जुन्याहून कमी भार पेलणारा नसावा. पाचवा जागेचा, आणि सहावा विम्याचा. इंग्लंडमध्ये गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. न कळवल्यास अपघातानंतर भांडण उभे राहू शकते. या सहा प्रश्नांतून जे माप पार पडेल ते घ्यावे, आणि चारही टायर एकाच जातीचे घ्यावेत.

दादाच्या बाबतीत हा क्रम लावल्यावर २४५ आणि २३५ ही मापे दुसऱ्या प्रश्नालाच गळाली. २२५/४५ सर्व प्रश्नांतून पार पडत होते, पण ७ इंचांची रिम त्याच्यासाठी अगदी काठावरची होती. शेवटी त्याने मूळचेच २१५/४५ माप ठेवले, आणि नव्या रिमसाठी बाजूला काढलेल्या पैशातील थोडा भाग घालून ओल्या पकडीत वरची प्रत असलेले, अधिक मऊ रबराचे टायर घेतले. वहिनींनी फोनवर एवढेच सांगितले, “आता पावसात गाडी कुठे चालली आहे ते हाताला कळतं.” दादाला वळणांवर हवी होती ती पकडही पुष्कळशी मिळाली. हाच मनुष्य सुट्टीच्या दिवशी बंदिस्त शर्यतीच्या मैदानावर गाडी चालवणारा असता, किंवा त्याने इंजिनाची ताकद वाढवली असती, तर ८ इंचांची रिम आणि २३५ चा टायर हा त्याला योग्य सल्ला ठरला असता. तेव्हा रुंद टायर वाईट, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आपल्याकडे स्पोर्ट्‌स कार किती, असे कोणी विचारील. त्या थोड्या आहेत हे खरे. पण साध्या छोट्या मोटारीला आणि मोटारसायकललाही रुंद टायर बसवण्याची हौस आपल्या गावोगावी आहे. वर सांगितलेले गणित त्यांनाही तसेच लागू पडते; उलट आपला चार महिन्यांचा पावसाळा आणि रस्त्यातील खड्डे पाहता अधिकच. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. म्हणून निर्मात्याने आपल्या गाडीसाठी दिलेल्या मापांच्या आत राहणे सर्वांत श्रेयस्कर. त्यातही काही करायचे नसेल, तर निदान महिन्यातून एकदा गाडी थंड असताना हवा तपासावी. ज्या हवेवर आपले पोस्टकार्ड अवलंबून आहे ती तपासायला फार तर चार मिनिटे लागतात.

टायर विकत घेताना आपण तो उभा पाहतो, आणि उभ्या टायरची दिसते ती रुंदीच. त्याचे खरे काम चालते ते त्याच्या खाली, कोणालाही न दिसणाऱ्या हातभर जागेत, काळोखात आणि पाण्यात. निवड करताना त्या जागेचा विचार आधी व्हावा, आणि आरशात कसे दिसेल याचा नंतर.